बरडातली चाळीस झाडं

"खाली आंबा," नत्थुजी म्हणाला आणि हातातली काडी त्याने मातीत रोवली. "या कोपऱ्यापासून त्या दगडापावतर. वीस."

दुर्गा त्याच्याजवळ उकिडवी बसली होती. तिने मूठभर माती उचलून चुरली. खालच्या या पट्ट्यात माती बरी होती. वरून वाहून आलेली, हातभर खोल. त्याच्या वर मात्र सगळा बरड. मुरूम, गोटे आणि मधूनमधून कुसळी गवत.

"बा, गुराखी म्हनतात, पौषात इथं हिव पडते. आंबा कवळा. तो नाई सोसनार."

"गुराखी ढोरं वळतात. बाग लावतात का?"

"वर बोर लावू. सीताफळ, आवळा, कवठ. ते गोट्यातई येते. पानी कमी लागते त्याले."

"बोर!" नत्थुजी हसला आणि हसता हसता खोकला. "लोक म्हनतीन, जन्मभर मळा केला अन् मरता मरता नत्थु माळ्यानं कुंपन लावलं."

खोकला थांबला. मग त्याने डोंगराकडे हात केला.

"तुले वर लावाचं तं लाव. म्या नाई म्हनत नाई. पन आखजीले मालक मोजाले येईन, तवा तुयं सीताफळ उघडं. बोर उघडी. नुसत्या काड्या. त्याले घोडीवरून काय दिसन? आंबा कसा, बारा महिने हिरवा."

 बापाचे म्हणणे खरे होते. आखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या उन्हात अर्धे रान उघडे असते.

हिवरखेडच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायाशी हा बरडाचा तुकडा होता. त्यांचा मळा तिथे नव्हता. मळा खाली नदीकाठी, काळ्या जमिनीत. वांगी, कांदे, झेंडू, चार वाफे केळी. नत्थुजीच्या आजापासून वाहिलेला. पण जमीन देशमुखाची. त्या साली वऱ्हाडात कापसाशिवाय दुसरे नाव नव्हते. कुठल्या तरी दूरच्या मुलखात गोऱ्यागोऱ्यांत लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि इकडे लोकांनी गोठाणाची जागासुद्धा नांगरली. ज्येष्ठात भगवंतराव देशमुखाने नत्थुजीला वाड्यावर बोलावले. मळा त्याला कापसाला पाहिजे होता. बदल्यात त्याने बरड पुढे केला.

"झाडं लाव तिथं," तो म्हणाला. "माळी आहेस. दगडातून झाड काढशीन. पुढच्या आखजीले चाळीस झाडं जिती दाखव, बरड तुया नावचा. नाई दाखवली, तं तिथंई सरकी टाकतो म्या."

नत्थुजी उभ्यानेच हो म्हणाला होता.  तिसऱ्या दिवशी मळ्यातली आंब्याची दोन वर्षांची रोपे तो मुळाच्या मातीसकट काढू लागला.

आषाढभर ते खड्डे खणत होते. शालिकराम, दुर्गाचा धाकटा भाऊ, टिकाव मारायचा. टिकाव गोट्यावर बसला की ठिणगी उडायची आणि दांडा तळहाताला झोंबायचा. दुर्गा हाताने गोटे उपसायची. शालिकरामची बायको शकुन टोपल्यातून शेणखत वाहायची. एका खड्ड्याला अर्धा दिवस जायचा. नत्थुजी खाली आपल्या वीस खड्ड्यांत एकटाच होता. मुलाने मदतीला यावे असे त्याला वाटायचे, पण तो बोलवायचा नाही.

दुर्गाने वर चव्वेचाळीस झाडे लावली. सीताफळे मळ्याच्या कडेची, आवळे रानातून आणलेले, कवठे चार, बाकी बोरी. प्रत्येक रोपाशेजारी एकेक गळके मडके गळ्यापर्यंत पुरले. कुंभाराकडे भाजताना बिघडलेली मडकी पडून होती. ती तो फुकट द्यायचा. मडक्यात पाणी ओतून वर चपटा दगड ठेवला की तीन दिवस मुळाशी ओल पाझरत राहते. हे बापानेच तिला लहानपणी शिकवले होते.

"बाई, तुमी पाट लावला असता तं या वक्ती आपल्या घरी चूल फुकत बसल्या असत्या," शकुन एकदा म्हणाली. दुर्गाचा नवरा पटकीने गेल्याला तीन वर्षे झाली होती.

"चूल का थंडी असते?" दुर्गा म्हणाली. "ते टोपलं सरकव इकडं."

भाद्रपदात नत्थुजीने खालच्या कडेला दगडांचा धुरा, पाणी अडवायचा बांध, रचायला घेतला. उतारावरचे पाणी माती घेऊन नाल्यात जायचे, ते त्याला पाहवत नव्हते. मळ्यात त्याने आयुष्यभर पाणीच तर अडवले होते. कंबरेइतका उंच, सरळ धुरा. दगडावर दगड असा बसवायचा की मधून बोट जाऊ नये. दिवसाला तीन-चार हात काम व्हायचे. मग तो धुऱ्याला पाठ टेकून बसायचा आणि आंब्यांकडे पाहायचा. आंब्यांना तांबूस कोवळी पालवी फुटली होती.

आश्विनात त्याला ताप भरला. धुरा जवळजवळ पुरा झाला होता. मधे दोन हातांचे तोंड राहिले होते. बाजेवर पडल्या पडल्या तो त्याचेच बोलायचा.

"दुर्गा, खालचं तोंड बुजव. परतीचं पानी वाया जाऊन राहिलं."

"बुजवतो बा."

"दगड बसवून बुजव. नुसते टाकू नको."

तिने एका दुपारी ते बुजवले. त्याने सांगितले होते तसे, दगड निवडून, फिरवून, बसवून. घरी येऊन सांगितले तेव्हा त्याने तिचा हात हातात घेतला आणि बोटांची टोके चाचपून पाहिली. टोके सोलली होती. तो बरे म्हणाला. कार्तिकाच्या दुसऱ्या पंधरवड्यात तो गेला.

तेरवी झाली तशी शालिकरामने गाडी जुंपली. कापसाच्या गाड्या खामगावकडे रांगेने चालल्या होत्या आणि गाडीवान मिळत नव्हते.

"तू एकटी काय करशीन तिथं?" तो म्हणाला. "सोड तो बरड. गाडीच्या भाड्यावर आपल्या तिघायचं भागते."

"भाडं कापूस आहे तवापावतर. मंग?"

"मंगचं मंग पाहू."

"जमीन गेली तं आपन माळी कायचे, शालिक?"

 शालिकरामने बैलाच्या मानेवरचे जू उगाचच सरकवले आणि तो निघून गेला.

पौषात एका सकाळी दुर्गा बरडावर आली, तेव्हा दुरूनच तिला खालचा पट्टा पांढरा दिसला. आधी तिला वाटले, कोणाचा कापूस सांडला. जवळ गेल्यावर पायाखाली गवत करकरले. दगडाच्या खळग्यातल्या पाण्यावर काचेसारखी साय धरली होती. आंब्यांची पाने अजून हिरवी होती, पण ताठ, आणि बोट लावल्यावर गार लागत होती. ऊन वर आले तशी ती वाकली. दुपारी काळी पडली, उकळते पाणी ओतल्यासारखी.

ती वर गेली. आवळे, सीताफळे, बोरी जशीच्या तशी होती. गवतावर नुसते साधे दव होते. तिला अर्थ लागेना. वर वारा जास्त, आडोसा नाही. थंडी वर जास्त पडायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठून गेली. शकुन बरोबर होती. सहावा महिना लागलेला, तरी पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा भारा डोक्यावर. आंब्यांच्या वरच्या अंगाला दोघींनी पऱ्हाट्यांचे ढीग पेटवले, त्यावर ओले गवत टाकले. धूर केला की हिव लागत नाही, हे मळ्यात सगळ्यांनाच ठाऊक. धूर उठला, कमरेइतका वर आला आणि पुढे जाण्याऐवजी उतारावरून खाली घसरू लागला. पाण्यासारखा. झाडांमधून जाऊन तो धुऱ्याला लागला आणि तिथे तुंबला. धुरा जेवढा उंच तेवढाच धूर उंच. वरची रेघ सरळ, विहिरीतल्या पाण्याची असते तशी.

दुर्गा हातातले गवत तसेच धरून उभी राहिली.

डोंगरावरची थंडी उताराने खाली येत होती. इतकी वर्षे ती इथे जराशी टेकून नाल्यात निघून जात असेल. आता तिला वाट नव्हती. वाट दुर्गानेच बुजवली होती, एकेक दगड निवडून.

"काय झालं बाई?" शकुन डोळे पुसत म्हणाली. "धूर गेला का डोळ्यात?"

"हो."

तिने गवत टाकले आणि ती धुऱ्यापाशी गेली. जिथे तोंड होते तिथले दगड तिने ओळखले. बापाने सांगितल्याप्रमाणे ते इतके घट्ट बसले होते की पहिला निघायला वेळ लागला. थंडीने बोटे वळत नव्हती. तिने कुदळीने ते उचकटले आणि बाहेर नाल्यात ढकलले. दोन हातांची वाट झाली तसा धूर तिकडे वळला आणि तिच्या पोटऱ्यांना घासून बाहेर जाऊ लागला.

"अवं बाई! मामंजीनं रचलेला धुरा काहून फोडला?"

"पावसाळ्याले पुन्हा रचीन," दुर्गा म्हणाली. खरे कारण तिने पुढेही कधी कोणाला सांगितले नाही.

वीसपैकी चौदा आंबे त्या दोन दिवसांत गेले. उरलेल्या सहांनी वरची पाने टाकली, पण माघात बुडाशी नवे कोंब आले. दुर्गा त्या सहांना दोन-दोन मडकी पाणी घालू लागली. हातानेच घालायची, थेंब न सांडता. वरच्या झाडांतली तीन बकऱ्यांनी खाल्ली. एकेचाळीस राहिली. एकेचाळीस आणि सहा.

फाल्गुनात नाला आटला. नाल्याच्या पोटात तिने झिरा खणला. छातीएवढा खड्डा, तळाशी वाळूतून पाणी पाझरायचे. घागर भरायला आधी वाटीने उपसावे लागे. एक घागर भरली की बसून राहायचे, पुन्हा पाणी साचेपर्यंत. सकाळी चौदा घागरी, सांजवेळी दहा. मग चैत्र लागला आणि सकाळच्या नऊ झाल्या. सांजच्या पाच. शकुनला आता वाकता येत नव्हते. ती काठावर बसून वाटी खाली द्यायची आणि वर घ्यायची.

झिऱ्यापासून वरच्या शेवटच्या बोरीपर्यंत दोनशे दहा पावले. पायाखाली गोटे तापलेले. डोक्यावरच्या चुंबळीतून पाणी मानेवर यायचे आणि वाटेतच वाळून जायचे. दुर्गाच्या मानेची शीर धरली. रात्री कूस बदलताना ती हाताने डोके उचलून ठेवायची.

चैत्राच्या दुसऱ्या आठवड्यात तिला कळून चुकले की हे पाणी सगळ्यांना पुरायचे नाही. तिने एक दिवस नीट पाहिले. सहा आंबे जेवढे पाणी पीत होते, तेवढ्यात वरची बारा झाडे जगत होती. आंबा राखला तर बारा जातील. मग एकोणतीस आणि सहा. आंबा सोडला तर एकेचाळीस.

त्या दिवशी तिने झिरा पुरता साचू दिला. पाणी निवळून तळाची वाळू दिसू लागली. मग तिने घागर भरली, डोक्यावर घेतली आणि आंब्यांजवळून सरळ वर गेली.

"बाई, आंबे राहिले ना," शकुन मागून म्हणाली.

"राहू दे."

"मामंजीचे आंबे होत ते."

"माहीत आहे मले, शकुन."

वाट आंब्यांमधूनच होती. दिवसातून चौदा वेळा तिला भरल्या घागरीने त्यांच्याजवळून जावे लागे. दोन दिवस तिने बाजूने वळसा घेतला. पण वळसा चाळीस पावलांचा पडत होता आणि पायांत तेवढे बळ नव्हते. तिसऱ्या दिवसापासून ती पुन्हा मधूनच जाऊ लागली. आठव्या दिवशी पाने कडेने मुरडली. पंधराव्या दिवशी ती वाजू लागली.

शालिकराम आखजीच्या चार दिवस आधी परतला. गाडी भरलेलीच होती.

"कोनी घेऊन नाई राहिलं," तो ओसरीवर बसत म्हणाला. "लढाई संपली म्हनतात. भाव असा पडला, का लोक गठानी टाकून पळाले. देशमुखाच्या वीस गाड्या तिथंच उभ्या आहेत." मग त्याने बहिणीकडे पाहिले. "तू काय वाळून गेली बाई."

"पानी पी," ती म्हणाली.

आखजीच्या सकाळी बापाच्या नावाने घागर भरायची होती. बाप गेल्यावरची पहिली आखजी. झिऱ्यातले पहिले पाणी त्या घागरीत गेले. पाटावर घागर ठेवली, तोंडावर आंब्याची पाने आणि डांगर, म्हणजे खरबूज. पाने शालिकरामने गावातून आणली होती. झाडांची त्या दिवशी एक घागर कमी झाली.

दुपार कलताना भगवंतराव आला. घोडीवर होता. अंगरखा मळलेला, दाढी चार दिवसांची. तो बरडाच्या कडेला थांबला आणि वर न पाहताच म्हणाला, "शालिक, राहू दे. ठेव तू हा बरड. आता याच्यात काय पेराचं अन् कोनाले विकाचं? मोजाचं काई काम नाई."

शालिकरामने वाकून हात जोडले. "मालकाची मेहेरबानी."

"मोजा, मालक," दुर्गा म्हणाली.

भगवंतरावाने मान वळवली. एवढा वेळ त्याने तिला पाहिलेच नव्हते.

"अवं, देल्लं ना म्या. आता काय मोजाचं?"

"बाई, चूप राय," शालिकराम दाताखाली म्हणाला.

"बोली चाळीस झाडायची होती. मेहेरबानीची नाई. उद्या भाव चढला तं मेहेरबानी परत घेसान. झाडं मोजून देल्लं तं ते आमचं."

 घोडीने शेपूट झाडले. भगवंतराव उतरला, लगाम शालिकरामच्या हातात दिला आणि जोडे करकर वाजवत उतार चढू लागला. त्याला चढाची सवय नव्हती. पहिल्या झाडापाशीच त्याला धाप लागली.

"हे? ही तं काडी आहे."

दुर्गा वाकली. अंगठ्याच्या नखाने तिने सीताफळाची साल जवाएवढी खरवडली. खाली ओले हिरवे होते.

"एक," ती म्हणाली.

दुसऱ्या झाडाला तिने तसेच केले. तिसऱ्याला डोळ्यावर बारीक पालवी होती, पण तिने तरीही साल खरवडली. नवव्या झाडापाशी तिचे नख तुटले. भगवंतराव उभा राहून पाहत होता. मग तो गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकला आणि आपल्याच नखाने साल खरवडली.

"हिरवं आहे," तो म्हणाला, स्वतःशी बोलल्यासारखा. "दहा."

त्यानंतर तोच खरवडत गेला. पागोट्याखालून घाम गळत होता. अंगठीत मुरूम अडकला होता. सव्विसाव्या बोरीने त्याची बाही फाडली. "दगडातून काढलं बुवा," असे तो मधेच एकदा पुटपुटला. चाळीस झाली तिथे त्याने पाठीवर हात ठेवून अंग सरळ केले.

"झाले चाळीस."

"आनखी एक आहे."

"चाळीसचीच बोली होती ना वं?"

"तेई पाहा."

तो तेही पाहायला गेला. "एकेचाळीस. बरड तुमचा, नत्थुचा. झालं? कागद करून देतो." मग पाणी आहे का विचारले. दुर्गाने दगडाच्या आडोशाची घागर उचलून त्याच्या ओंजळीत धार धरली. तो खूप वेळ प्याला. घागर निम्मी झाली.

उतरताना दुर्गाने घागर कडेवर घेतली. वाट आंब्यांमधून आली. सहा झाडे ओळीत उभी होती, वाळकी पाने अजून देठाला धरून.

"हे आंबे नत्थुनं लावले होते ना?"

"हो."

"याले पानी नाई पुरलं?"

"नाई देल्लं."

भगवंतराव थांबला. साल खरवडायची सवय त्याच्या हाताला लागली होती. सहज खाली वाकून त्याने पहिल्या आंब्याच्या बुंध्याला अंगठा लावला.

"राहू द्या, मालक," दुर्गा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले. अंगठा तसाच सालीवर होता. मग त्याने हात मागे घेतला, धोतराला पुसला आणि तो घोडीकडे गेला.

घोडी नाल्यापलीकडे दिसेनाशी झाल्यावर शालिकराम जवळ आला.

"बाई, पाहू तं देतीस. एखांदा जिता असन."

दुर्गाने चुंबळ झटकली, डोक्यावर ठेवली आणि निम्मी घागर उचलून द्यायला त्याच्यापुढे केली.

"हात लाव," ती म्हणाली. "वरच्यायचं पानी राहिलं."